शेळ्यांना आधी कळलं

राग आला की माझ्या हातात जे असेल ते उडतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

नववीत हातात डस्टर होतं. मास्तर म्हणाले, "सदबर्ग, तुझं डोकं म्हणजे रिकामी कढई, नुसता आवाज." डस्टर उडालं. मास्तरांना लागलं नाही, फळ्यावर आपटलं. फळ्यावर बाष्पीभवनाची आकृती होती, तिच्यातल्या ढगाला अगदी मधोमध बसलं. मुख्याध्यापक म्हणाले, माफी माग. मी म्हणाले, कढई माफी मागत नसते. झालं, शाळा संपली. घरी येईपर्यंत मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू. पुढचा धडा क्षारांचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

आईनं आरडाओरडा केला नाही. बाबा रशियात इमारती बांधतात, त्यामुळे घरात दोघांच्या वाटचा राग तिच्याच पोटात जातो आणि तिथेच राहतो. माझ्यात तो कुठून आला, देव जाणे. तिनं कोपऱ्यातली पहार पायानं माझ्याकडे सरकवली.

"डस्टरपेक्षा जड आहे," ती म्हणाली. "ही फेकून दाखव."

गावाच्या वरच्या अंगाला आमचा एक उतार आहे. तिथे दगडच पिकतात. त्यावर आईनं जर्दाळूची बाग करायला घेतली होती. खालच्या ओळी तिनं लावल्या. वरच्या तीन ओळींचे खड्डे मी खणले. शरदात सुरुवात केली, बर्फ पडलं तेव्हा थांबले, बर्फ वितळल्यावर पुन्हा. वसंतात रोपं लागली, कंदक जातीची. आजोबांच्या जुन्या झाडाचे डोळे बांधलेली. इतकी गोड की आमच्याकडे लोक त्या जर्दाळूबरोबर चहात साखर घेत नाहीत.

"या तीन ओळी तुझ्या," आई म्हणाली. "जगवल्यास तर तू बागवान. नाही जगवल्यास तर शरदात परत नववीत."

परत नववीत म्हणजे माझ्या खांद्याला लागणाऱ्या पोरांच्या बाकावर, आणि त्याच मास्तरांसमोर. मी त्या रोपांकडे अशी बघायला लागले की जणू मीच त्यांना जन्म दिला होता.

पाण्याचं आमच्याकडे असं आहे. दहा दिवसांनी पाळी येते. आमचे मीराब, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे, नुसरत अमक (अमक म्हणजे काका) पाटाचं दार उचलतात, आमचा हौद भरतो, दार पडतं. पुढच्या पाळीपर्यंत तेवढ्यावर भागवायचं. कुठल्याशा प्रकल्पवाल्यांनी ठिबकच्या काळ्या नळ्या दिल्या होत्या. हौदातून नळी, नळीला भोकं, प्रत्येक झाडाच्या पायाशी थेंब थेंब. गावातल्या म्हाताऱ्यांना ते बघवायचं नाही. "हे काय पाणी पाजणं आहे? झाडाला सर्दी झाल्यासारखं वाटतं," असं सालोमत खाला म्हणायची. ही आमची शेजारीण. तिच्याकडे शेळ्या आहेत, आणि सगळ्या गोष्टींवर मतं आहेत.

जुलैत चिल्ला लागला. चिल्ला म्हणजे उन्हाळ्यातले ते चाळीस दिवस, जेव्हा कोंबडीसुद्धा सावलीबाहेर पाय टाकायला दोनदा विचार करते. सकाळी ठिबकखाली नान-रोटीएवढा ओला डाग दिसायचा. दुपारी तोच डाग सदऱ्याच्या बटणाएवढा. मी बसून बघायचे. माझी नजर चांगली आहे, नुसती नजरच चांगली आहे. डाग कडेनं आत आत आक्रसत जाताना मला दिसायचा. पाणी मुळापर्यंत जायच्या आधी वरच्या वर उडून जात होतं. रोज आम्ही झाडांबरोबर उन्हालाही पाणी पाजत होतो, आणि उन्हाची तहान मोठी होती.

पाळी यायला तीन दिवस असतानाच हौद कोरडा पडला. आई हौदाच्या कठड्यावर बसली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "वरच्या तीन ओळी सोडून देऊ. येती पाळी शेवटची, मग वरचा नळ बंद."

हे ती सालोमत खालासमोर म्हणाली. नुसतं मला म्हणाली असती तर कदाचित मी रडले असते. पण बाहेरचं माणूस समोर असलं की मला रडू येत नाही, भाषण येतं.

"एकही झाड मरणार नाही!" मी ओरडले. "एकही! लिहून ठेव, खाला. त्याच्या पुढच्या पाळीला या हौदात पाणी उरलेलं दाखवीन मी, उरलेलं!"

"आणि कुठून आणशील?" आई म्हणाली. "तोंडातून?"

"तोंडातून आणलं तर पाट भरेल," खाला म्हणाली.

मी तणतणत वर गेले. तिथे खालाची काळी शेळी माझ्या पहिल्या ओळीत उभी होती. हातात काही नव्हतं. मग पायातला रबरी जोडा काढला आणि फेकला. शेळीला लागला नाही (मला आता वाटायला लागलंय की माझ्या फेकण्यात खरं तर काही दम नाही), अगदी वरच्या ओळीतल्या शेवटच्या झाडाजवळ उपडा पडला. आणायला जायचं म्हणजे शेळीसमोर हार मानायची. मी एका पायात जोडा घालून घरी आले. दगडांवरून. आईनं माझ्या पायाकडे बघितलं.

दोन दिवसांनी तो जोडा मी उचलला, कारण दुसरा एकटा काही कामाचा नव्हता. आणि खाली जमीन ओली होती. ओली म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होईल अशी. आत मुंग्यांनी पाऊस पडल्यासारखी धावपळ चालवली होती. आजूबाजूला सगळं भाजलेलं, आणि जोड्याच्या मापाची एवढी जागा ओली. तिथलं ठिबक बाकीच्यांसारखंच, थेंब तितकेच. फरक फक्त पांघरुणाचा.

मी तिथे मांडी घालून बसले आणि मोठ्यानं हसले. मास्तर, म्हटलं, ढग सापडला.

आता झाडागणिक जोडा कुठून आणायचा? पहिल्यांदा चपटे दगड ठेवून बघितले. दगडाचा दुपारी तवा झाला आणि खालची पानं भाजली. मग वाळलेलं गवत घातलं. ते संध्याकाळच्या वाऱ्यानं उचलून थेट सालोमत खालाच्या अंगणात नेलं. तिनं शेळ्यांना घातलं आणि मला वरून आशीर्वाद दिला. मग मला टरफलं सुचली. जर्दाळूची बी फोडून आतला दाणा काढला की कठीण टरफल उरतं. वाऱ्यानं हलत नाही, कुजत नाही, एकावर एक बसतात आणि मधे हवा राहते. आमच्या पडवीतल्या खोलीत अशा टरफलांचा कमरेएवढा ढीग होता.

"त्याला हात लावलास तर बघ," आई म्हणाली. "ती हिवाळ्याची आहेत. जानेवारीत चुलीत काय घालू, तुझं भाषण?"

बोलणं बरोबर होतं. आमच्याकडे लाकूड कुठे आहे? टरफलं जळतात कोळशासारखी. म्हणून मी दुसरीकडे बघितलं. माझी चांगली नजर चहाखान्याकडे गेली.

चहाखान्यात म्हातारे सकाळी येऊन बसतात आणि जेवायला बोलावणं येईपर्यंत हलत नाहीत. पुढ्यात हिरवा चहा आणि शूरदानकची वाटी. शूरदानक माहीत असेलच. जर्दाळूची बी मिठाच्या पाण्यात मुरवायची, गरम राखेत भाजायची. ती तडकते. मग दातानं टरफल उघडायचं, आतला दाणा खायचा, टरफल चोखून टाकून द्यायचं. आम्ही सगळेच खातो. मी तर चालता चालता खाते. टरफलांचा खच पडलेला असतो, चहाखानेवाला रोज संध्याकाळी झाडून पाटाच्या कडेला ढकलतो.

"घेऊन जा," तो म्हणाला. "सगळी घेऊन जा. माझा झाडू वाचेल."

म्हातारे खूश झाले. "म्हणजे आम्ही इथे बसून तुझ्या बागेचंच काम करतोय की, सदबर्गजान," एक जण म्हणाला. "घरी जाऊन बायकोला सांग एकदा, की मी काम करतो."

मी हातगाडी ढकलत, घाम पुसत, पोत्यांमागून पोती वर नेली. त्या आठवड्यात मी चहाखान्याला म्हणे आणखी जास्त शूरदानक खायला लावलं. दोघा म्हाताऱ्यांना तर मी शेजारी उभं राहून आग्रह केला. प्रत्येक झाडाच्या पायाशी टरफलांचं जाड पांघरूण घातलं, मध्ये बुंध्याभोवती बोटभर जागा सोडून. माझ्या तिन्ही ओळी दुरून अशा दिसायला लागल्या की झाडांनी लोकरी मोजे घातलेत.

आणि चाललं. हे कुणी विसरू नका, कारण नंतर सगळे विसरले. चाललं! टरफलांखाली हात घातला की गार लागायचं. दुपारीसुद्धा. मी माझ्या ओळींचा नळ दिवसाआड सोडायला लागले, तरी ओल टिकून. पाळीच्या आदल्या दिवशी हौदात गुडघाभर पाणी शिल्लक होतं. मी सालोमत खालाला हाताला धरून दाखवायला आणलं.

"काय दिसतंय?"

"शेवाळ," खाला म्हणाली.

"त्याच्या वर?"

"बरं बाई, पाणी."

 त्या पाळीला आईनं वरचा नळ बंद केला नाही. मी पुढचे काही दिवस बागेत नाही, बाजारातच जास्त फिरले, कुणी काही विचारतं का बघत. कुणी विचारलं नाही तर मीच सुरू करायचे. बटाटे विकणाऱ्या बाईला मी ठिबक, उन्हाची तहान आणि पांघरूण हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बटाटे घेणार आहेस का?"

एक गोष्ट मात्र खटकत होती. शेळ्या. सालोमत खालाच्या शेळ्या आधी कधीमधी यायच्या. आता रोज यायला लागल्या, सगळ्याच्या सगळ्या, सकाळ-संध्याकाळ, नमाजाला जावं तशा. यायच्या, माझ्या ओळींमध्ये ओळीनं उभ्या राहायच्या आणि टरफलांत नाक खुपसायच्या. चाटायच्या. मी दगड मारायचे, त्या दहा पावलं मागे जायच्या आणि मी वळले की परत. पानाला एकीनंही तोंड लावलं नाही. हे मी बघितलं. अगदी नीट बघितलं. आणि त्यावरून निष्कर्ष काढला की शेळ्या मला घाबरून आहेत.

"तुझ्या शेळ्या माझं पाणी चाटतात," मी खालाला जाऊन सांगितलं. "बांधून ठेव."

"शेळी काय मांजर आहे का पाणी चाटायला?"

"मग काय चाटतात?"

"मला काय माहीत! तुला शेळ्यांचं एवढं कळतं तर तूच विचार."

"बांधून ठेव, नाहीतर एकेकीचं शिंग मोडीन."

खालानं तिच्या अंगणाच्या दाराकडे बोट केलं आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. गावात कुणाशी तरी माझं बोलणं बंद असतंच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

मग पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आधी एका झाडाच्या. मला वाटलं ऊन. मग पूर्ण ओळीच्या, मग तिन्ही ओळींच्या. टोकाकडून सुरू होऊन कडेनं आत येत होतं, विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारखं. पानं आतल्या बाजूला वळली. आईच्या ओळी, ज्यांना पांघरूण नव्हतं, त्या तहानलेल्या होत्या पण हिरव्या होत्या. माझ्या ओल्या होत्या आणि जळत होत्या. मुठीत माती दाबली तर गोळा व्हायचा. मग जळतंय काय?

आईनं एक पान तोडलं, उन्हात धरलं, खिशात घातलं. म्हणाली, "पाळीपर्यंत बघू." म्हणजे काय ते मला कळलं. वरच्या नळाची चावी आतापर्यंत माझ्याकडे होती, ती मागून घेऊन तिनं कमरेला खोचली.

रात्रभर नाही झोपले वगैरे मी म्हणणार नाही. मस्त झोपले, कारण मला कारण सापडलं होतं. पाणी! नुसरत अमक! पाटाच्या वरच्या अंगाला खारट जमिनीचा निचरा येऊन मिळतो, सगळ्यांना माहीत आहे. मीराब तिकडचं दार ढिलं ठेवत असणार. पानाच्या कडा अशा जळतात त्या मिठानंच, एवढं मलाही माहीत होतं, कापसाच्या गावांत लहानपणापासून बघितलंय. म्हणजे मी अर्धी बरोबर होते. माझं आयुष्यभर असंच होतं. अर्धी बरोबर असते आणि आवाज पूर्ण लावते.

सकाळी मी चहाखान्यात गेले. नुसरत अमक नेहमीच्या जागी बसले होते. गुबगुबीत माणूस, टोपी तिरकी, फावडं बाजूला उभं केलेलं, जणू त्याचाही चहा सांगितलाय.

"अमक, तुम्ही आम्हाला खारट पाणी देता," मी म्हणाले.

चहाखान्यात सगळ्यांचे पेले खाली आले. आमच्याकडे मीराबला कुणी उशिरा पाणी दिलं म्हणतं, कमी दिलं म्हणतं. खारट दिलं असं कुणी म्हटलं नव्हतं.

"सलाम तुलाही, पोरी," अमक म्हणाले. "बस, चहा घे."

"चहा तुमच्याच पाण्याचा असेल, नको. माझी झाडं मरायला लागलीत. चला, दाखवते. आत्ता चला!"

"चहा संपवू दे."

"झाडं थांबणार आहेत का तुमच्या चहासाठी?"

ते उठले. त्यांच्यामागे दोन म्हातारे उठले, फुकटची करमणूक कोण सोडतं? वाटेत सालोमत खाला दारात उभी होती, बोलणं बंद असूनही ती मागून आली. शेळ्या आधीच वर होत्या. आई खालच्या ओळींत नळ्यांची भोकं सुईनं साफ करत होती, तिनं ही वरात बघितली आणि कपाळाला हात लावला.

मी माझ्या पहिल्या ओळीत उभी राहिले आणि सुरू झाले. हा बुंधा बघा, ही पानं बघा, पाणी कमी नाही, माती ओली आहे, मग ही कड का जळली? कोण जबाबदार? ज्याच्या हातात दार आहे तो! बोलता बोलता मी खाली वाकले, टरफलं बाजूला करून ओल दाखवली. हातात एक टरफल राहिलं. आणि मग सवय. लहानपणापासूनची सवय. हात आपोआप वर गेला आणि ते टरफल मी तोंडात टाकलं, चोखायला.

"...आणि तुम्ही जर," मी म्हणत होते, "जर तुम्ही वरचं दार..."

मी थांबले.

टरफल खारट होतं. एवढे दिवस थेंब खाऊनही खारट. म्हणजे त्याचं उरलेलं मीठ कुठे गेलं होतं, हे कळायला फार शाळा लागत नव्हती.

"जर मी वरचं दार काय?" नुसरत अमक म्हणाले.

माझ्या समोर काळी शेळी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्याही तोंडात टरफल होतं. आम्ही दोघी चोखत होतो.

मला खोटं बोलता आलं असतं. पण माझं तोंड माझं ऐकत नाही, ना भांडताना ना तेव्हा.

"अमक," मी म्हणाले, "शूरदानक."

"काय शूरदानक?"

"टरफलं शूरदानकची आहेत. चहाखान्यातली." आणि मग एकदम बारीक आवाजात, "नावातच आहे."

आमच्या भाषेत शूर म्हणजे खारट. दुसरं काही नाही. मी तो शब्द दिवसातून दहादा उच्चारते. मी तो खाते. गाडीच्या गाडी मीठ मी स्वतः चढावर ढकलत नेलं आणि रोज थेंबाथेंबानं माझ्याच झाडांना पाजलं, आणि पाणी वाचवलं म्हणून बाजारभर मिरवले.

नुसरत अमक इतके हसले की त्यांची टोपी खाली पडली. म्हातारे हसले. एकानं तर चक्क विचारलं, "मग आता आम्ही कामावर यायचं की नाही?" खाला हसली नाही, ती फक्त शेळ्यांकडे बघून म्हणाली, "घ्या. तुम्हाला आधी कळलं."

आई हसली नाही. ती एकेका झाडाच्या पायाशी वाकून टरफलांखाली हात घालत चालली होती. पहिली ओळ, दुसरी ओळ. हात बाहेर काढायची, मूठ उघडायची, बघायची. मला वाटलं आता चावी काढते आणि नळ बंद करते, कायमचा.

"शूर धुवावं लागेल," अमक डोळे पुसत म्हणाले. आता त्यांचा आवाज मीराबचा झाला होता. "टरफलं सगळी काढ. मग पाणी भरून उभं करायचं. थेंब नाही. उभं पाणी, म्हणजे मीठ मुळांच्या खाली जाईल. आणि माझ्याकडे बघू नकोस. तुमची पाळी चार दिवसांनी आहे. मी तुझ्यासाठी दार उचललं तर उद्या अख्खं गाव माझ्यावर खारट पाण्याचे आरोप करायला येईल."

"हौदात आहे," मी म्हणाले. "माझ्या ओळींचं वाचलेलं."

हे बोलताना मला कळलं की मी किती हुशार आहे. दिवसाआड नळ बंद ठेवून, थेंब न् थेंब जपून जेवढं पाणी वाचवलं, ते सगळं आता एका दिवसात भसाभस ओतायचं होतं. पांघरुणानं वाचवलेलं पाणी, पांघरुणाचं पाप धुवायला.

आई हौदापाशी गेली. चुलीतला कोळसा आणला आणि हौदाच्या आतल्या भिंतीवर एक रेघ ओढली.

"रेघेच्या वरचं तुझं," ती म्हणाली. "खालचं माझ्या ओळींचं. रेघेला थांबायचं."

मी टरफलं उपसून पोत्यांत भरली, प्रत्येक झाडाभोवती मातीचं आळं केलं. बादल्या घेतल्या. पहिल्या फेरीत एकटी होते. दुसऱ्या फेरीला मागे वळले तर सालोमत खाला दोन बादल्या घेऊन उभी.

"बोलणं बंदच आहे," ती म्हणाली. "बादल्यांचं काही ठरलं नव्हतं."

नुसरत अमक दगडावर बसले होते. "अगं, जपून," ते दर फेरीला म्हणायचे, "पाणी खारट आहे हो माझं. बाधेल झाडांना." मी बादली त्यांच्या दिशेनं फेकली नाही. हे मी कुठेतरी नोंदवून ठेवायला हवं. तिसऱ्या टोमण्यानंतर ते स्वतःच उठले, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि फावड्यानं आळी नीट करायला लागले. कारण म्हणे माझी आळी बघवत नव्हती.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाच पाणी कोळशाच्या रेघेला टेकलं.

मी बादली खाली ठेवली. वरच्या त्या एका ओळीकडे बघितलं. सगळ्यात वरची, सगळ्यात दगडाळ. तिच्या एका खड्ड्यासाठी मला आठवडा लागला होता. तिच्याच शेवटच्या झाडाशी मला रबरी जोड्याखालची ओल सापडली होती. मी भाषण करणार होते. तोंड उघडलं, पण काही आलं नाही. रेघ बरोबर होती. आईच्या झाडांनी काय केलं होतं?

आई माझ्याकडे बघत होती. ती बहुतेक भाषणाची वाट पाहत होती. ते येत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "खरंच दिवसाआड नळ सोडायचीस?"

"हो."

"आणि तरी एवढी ओल?"

"तू आत्ता हात घातलास ना."

"मी तीन दिवसांपासून घालतेय," आई म्हणाली. "तू बाजारात असायचीस तेव्हा." ती वाकली, रुमालाच्या टोकानं कोळशाची रेघ पुसली आणि चार बोटं खाली नवी ओढली. "शेवटची ओळ धू. मग पडवीतली टरफलं काढ. माझ्या ओळींनाही घाल, तुझ्याही. ती मी फोडलीत. त्यात मीठ नाही, घामाचं असेल तेवढंच."

"आणि हिवाळा?"

"हिवाळ्याला तुझी ही पोती जाळू. मीठ लागलेलं काय जळत नाही?"

"ओली, खारट आहेत. धूर करतील," मी म्हणाले. मला कुठे गप्प बसावं हे अजून कळत नाही.

खालानं एक पोतं उघडून आत नाक घातलं, अगदी तिच्या शेळ्यांसारखं. "माझ्या अंगणात पसर," ती म्हणाली. "चाटून चाटून लख्ख करतील. वाळली की घेऊन जा." मग तिला आठवलं. "फक्त आधी माझ्या शेळ्यांची माफी माग."

"शेळ्यांची?"

"माझी मागशील का?"

शेळ्यांची मागितली. सोपं पडलं. काळी शेळी ऐकून घेत होती, मास्तरांपेक्षा शांतपणे.

पाळीच्या दिवशी नुसरत अमक दार उचलायला आले तेव्हा हौदाच्या तळाशी अजून टाचभर पाणी होतं. आईच्या नव्या रेघेच्या खूप खाली, पण होतं. दोन झाडं गेली होती. काठ्या झाल्या होत्या त्यांच्या, मी खरवडून बघितलं तर आत हिरवं नव्हतं. ती मी उपटली नाहीत, वसंतात त्याच खड्ड्यांत दुसरी लावणार. खड्डे आहेत ना तयार, मला पुन्हा ती पहार नको. बाकीच्यांची जळलेली पानं गळत होती आणि त्यांच्या बगलेतून नवी, नखाएवढी, पोपटी पानं येत होती. वरच्या ओळीतसुद्धा.

"काय गं शूर," अमक म्हणाले, "आज किती टाकू मीठ?"

हे नाव आता चिकटलंय. चहाखान्यात, बाजारात, सगळीकडे. बटाटेवाली बाईसुद्धा म्हणते. मी पहिल्या दिवशी दोघांच्या अंगावर धावून गेले, मग सोडून दिलं. दिवसभर धावायला वेळ कुणाला आहे?

"एकही मरणार नाही म्हणाली होतीस," आई म्हणाली. "दोन मेली."

"हो," मी म्हणाले. शरद लागायला थोडेच दिवस होते, आणि नववीचं बाक मला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यावर कुणीतरी आधीच बसलेलं होतं आणि ते मीच होते.

आईनं कमरेची चावी काढली. हौद भरला तसा खालचा नळ न उघडता ती आधी वर चढली, वरच्या नळाला चावी लावली आणि फिरवली. नळीत आधी हवा खोकली, मग पाणी आलं. शेवटच्या झाडापर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला. आम्ही दोघी तिथे उभ्या राहून वाट बघत होतो. टरफलांखाली असल्यामुळे थेंब दिसत नव्हता. आईनं वाकून कान लावला.

"पडतोय," ती म्हणाली.

मीही कान लावला. मला काही ऐकू आलं नाही, पण आईच्या म्हणण्यावर मी भांडले नाही. तेवढ्यात काळी शेळी वर आली, पडवीच्या टरफलांना नाक लावलं, एकदा चाटलं, आणि माझ्याकडे असं काही बघितलं, जशी स्वयंपाकात मीठ विसरलेल्या सुनेकडे सासू बघते. मी पायातला जोडा काढला होता. मग परत घातला.